पाळकांचा सोमवार

कल्याणच्या आमच्या मंडळीत एक गोष्ट फार अभिमानाने सांगतात. आमच्या आधीच्या पाळकांनी म्हणे आयुष्यात कधी सुट्टी घेतली नाही आणि शेवटी ते चर्चच्या पायरीवरच गेले. बदली होऊन आम्ही इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट मला तिघा-चौघांनी ऐकवली. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. माझ्या मनात मात्र दर वेळी एकच यायचं. ही गोष्ट हे लोक मला, नव्या पाळकाच्या बायकोला, का सांगताहेत?

ह्यांनी मात्र ती मनावर घेतली. आमचं घर चर्चच्या मागे, एकाच आवारात. त्यामुळे बेल कधीही वाजायची. कुणाचं दुखणं, कुणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलेलं, कुणाच्या नव्या फ्लॅटची प्रार्थना, कुणाच्या नव्या स्कूटरचीसुद्धा प्रार्थना. हे जेवणावरून उठून जायचे. मी डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवते. शाळेतून आले की महिला मंडळ, शनिवारी संडे स्कूलची तयारी, रविवारी दिवसभर चर्च. सुट्टीवर कधी कुठे गेलो तर तेही मंडळीच्या शिबिराला, आणि तिथे हे वक्ते आणि मी स्वयंपाकघरात. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. सेवा म्हटली की असंच.

मग ते दफन झालं. गायनमंडळातल्या एका बाईचे म्हातारे वडील गेले होते. कबरीजवळ सगळे उभे, पेटी खाली उतरलेली, आणि ह्यांनी प्रार्थनेत देवाच्या हाती सोपवलं ते त्या म्हाताऱ्यांच्या धाकट्या भावाला. तो भाऊ समोरच उभा होता, काठी टेकून. कुणी हसलं नाही, कुणी दुरुस्तही केलं नाही. त्या भावाने फक्त टोपी काढली आणि पुन्हा घातली.

घरी आल्यावर हे पायातले बूट न काढता पलंगावर बसले. म्हणाले, "मला माहीत होतं चुकतंय. पण दुसरं नाव येईचना."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. डॉक्टर आमच्या धर्माचे नव्हते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या देवाने सगळं जग बनवलं आणि मग एक दिवस विसावा घेतला, असंच ना? मग तुमचं काम त्याच्यापेक्षा मोठं आहे का?"

हे हसले. मीही हसले. त्यानंतर पुष्कळ दिवस काही बदललं नाही. आणि मग एका रविवारी जेवताना हे म्हणाले, "उद्यापासून सोमवार माझा. फोन बंद असेल. कुणी गेलं किंवा कुणी फार सीरियस असलं तर सेक्रेटरी बघतील, संध्याकाळी मी आहेच."

"घरी झोपणार?"

"नाही. जरा बाहेर जाऊन येईन."

"कुठे?"

"असंच."

माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण 'असंच' हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी मी शाळेत. संध्याकाळी येते तर हे आंघोळ करून, केस विंचरून बसलेले. चहा तयार. चेहरा ताजा. पहिल्या सोमवारी मला बरं वाटलं. दुसऱ्या सोमवारी मी पाहिलं की सकाळी निघताना ह्यांनी पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड घेतलाय, नीट घडी करून. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो कपड्यांच्या घड्या करायला लागला की बायकोने काय समजायचं?

मी काही विचारलं नाही, पण बघायला लागले. स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर राखाडी चिखल वाळलेला असायचा. आपल्याकडचा लाल किंवा काळा चिखल मला कळतो. हा वेगळा होता, चिकट. अंगावरचे कपडे मी यायच्या आधीच धुऊन वाळत घातलेले. एकदा अंगठ्याला पट्टी.

"काय झालं?"

"लागलं."

"कशाने?"

"अगं, लागलं. एवढं काय."

रात्री मात्र गाढ झोप. पूर्वी हे झोपेत दचकायचे, उठून खिडकीशी जायचे. आता भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे झोपायचे आणि मी जागी. आधी वाटलं, आजारपण लपवताहेत. ठाण्याच्या कुठल्या हॉस्पिटलात उपचार घेत असतील आणि मला सांगत नसतील. पण आजारी माणूस दोन पोळ्या जास्त खात नाही. मग जे वाटलं ते इथे लिहायलाही नको वाटतं. पाळकाच्या बायकोने असा विचार करायचा नसतो, पण पाळकाच्या बायकोलाही डोकं असतं. स्वयंपाक करता करता मी ह्यांना गुणगुणताना ऐकायचे, आणि जे गुणगुणायचे ते गीतपुस्तकातलं नसायचं.

मंडळीतही कुजबुज सुरू झाली होती. महिला मंडळात मी आत आले की बोलणं थांबायचं. एक म्हातारी बाई मला सरळ म्हणाली, "सोमवारी आमच्या ह्यांना दम लागला होता. पाळकबुवांचा फोन लागला नाही हो. जुन्या पाळकांचा फोन लागला नाही असं कधी झालं नाही."

मला म्हणावंसं वाटलं, म्हणून तर ते गेले.

आणि मग तो फोटो आला. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तिथे टाकायची कुणाची छाती नव्हती. तो आधी कुठे कुठे फिरला माहीत नाही, पण माझ्यापर्यंत आला तो मंडळीच्या सेक्रेटरींच्या हातून. सेक्रेटरी म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. उपासना वेळेवर सुरू झाली नाही तर घड्याळाकडे नव्हे, पाळकांकडे बघणारे. एका संध्याकाळी हे कुणाच्या घरच्या प्रार्थनेला गेलेत हे बघूनच ते आले. बसले नाहीत. मोबाइल माझ्यासमोर धरला.

फोटोत एक पांढरी मोठी गाडी. ड्रायव्हरच्या जागेवर एक आडदांड माणूस, गळ्यात जाड साखळी, मनगटावर कडं. आणि शेजारच्या सीटवर आमचे हे. मान मागे टाकून हसताहेत.

"ठाण्याच्या कोलशेतचा आहे हा फोटो," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्या भाच्याने काढला. हा माणूस तिथला जुना जमीनवाला. खाडीकडची अर्धी जमीन ह्याच्या घराण्याची होती. आता टॉवर उभे आहेत. पुतण्या बिल्डर आहे."

"मग?"

"पाळकीणबाई, चर्चचं आवार केवढं आहे, तुम्हाला माहीत आहे. कल्याणात स्टेशनच्या इतक्या जवळ एवढी मोकळी जागा दुसरी नाही. लोक काय काय बोलतात ते मी तुमच्या कानावर घालत नाही. पण दर सोमवारी, फोन बंद करून, असल्या माणसाबरोबर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखं झालं. गाडीत बाई नव्हती. पण ते सुटणं फार टिकलं नाही. मी ते हसू पुन्हा पुन्हा बघत होते. कुणाशी सौदा करताना माणूस असा हसतो का? मला माहीत नव्हतं. मी ह्यांना कुणाशी सौदा करताना कधी पाहिलं नव्हतं. आणि असं हसतानाही फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

पुढच्या कमिटीत सेक्रेटरींनी विषय काढला. मी कमिटीत नाही, पण चहा द्यायला आत गेले होते आणि कप मांडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत होते.

"सोमवारी आपण कुठे असता, हे मंडळीला कळलं तर बरं होईल," सेक्रेटरी म्हणाले.

"सुट्टीवर असतो," हे म्हणाले.

"सुट्टीबद्दल हरकत नाही. पण कुठे?"

"सहा दिवस मी कुठे असतो ते तुम्हाला मिनिटामिनिटाचं माहीत असतं. सातव्या दिवसाचं विचारू नका."

कुणीतरी चहा ओढला त्याचा आवाज मोठा वाटला. मला त्या क्षणी ह्यांचा राग आला. एवढं सांगायला काय जातं? जो माणूस काही लपवत नाही तो असं बोलतो का?

दोन-तीन आठवड्यांनी एका सोमवारी माझ्या शाळेला सुट्टी होती. मी ह्यांना ते सांगितलं नाही. हे स्कूटर घेऊन निघाले तशी मी साडी बदलली, पर्स घेतली आणि बाहेर आले. आवाराच्या फाटकापाशी सेक्रेटरींची गाडी उभी. ते आत बसलेले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही दुसरा तिथे का आहे ते कळलं.

"बसा," ते म्हणाले.

भिवंडीच्या बाजूने काशेळीच्या पुलावरून गेलो. गोदामं, कंटेनर, धूळ. मग सेक्रेटरी म्हणाले, "जमिनीचं काही असेल, तर मी कागद बघितल्याशिवाय राहणार नाही."

"आणि नसेल?"

त्यांनी समोरच्या ट्रककडे बघत गियर बदलला. "मग तुम्ही का आलात?"

मी खिडकीची काच वर केली.

कोलशेतला टॉवर संपतात तिथे खाडीकडे जाणारी एक वाट आहे. एका बाजूला कुठल्या तरी कंपनीची जुनी भिंत, दुसऱ्या बाजूला तिवरांची झाडी. पांढरी गाडी तिथेच उभी होती आणि तिच्या आडोशाला आमची स्कूटर. सेक्रेटरींनी गाडी लांब थांबवली. पॉलिश केलेल्या बुटांनी ते चिखलातून चालायला लागले. मी साडी वर खोचून त्यांच्या मागे.

तिवरांच्या पलीकडे पाणी ओसरलेलं होतं. गुडघाभर राखाडी चिखलात दोन माणसं उभी होती. एक तो साखळीवाला, लुंगी वर बांधून. दुसरे हे. हाफ पँट, बनियन, डोक्याला पंचा. ह्यांच्या हातात पाग होता. पाग म्हणजे कडेला शिसाच्या गोळ्या लावलेलं फेकायचं जाळं. दोरीचा एक भाग दातात धरून हे अंग वळवत होते. जाळं सुटलं, पण गोल पसरलं नाही. गोळा होऊन थप्पकन पडलं आणि तोल जाऊन हेही बसले चिखलात.

"अरं काय पास्टर!" तो माणूस ओरडला. "परत तसाच! कंबर फिरव, हात नाय!"

आणि हे चिखलात बसल्या बसल्या हसत होते. पोट धरून.

आधी त्या माणसाने आम्हाला पाहिलं. मग ह्यांनी. हसू थांबलं. ते उठून उभे राहिले, पण चिखलाने भरलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

सेक्रेटरी रविवारी चर्चच्या दारात म्हणतात तसंच म्हणाले, "सलाम, पाळकसाहेब."

"सलाम," हे म्हणाले.

त्या माणसाने एकदा माझ्याकडे, एकदा सेक्रेटरींच्या बुटांकडे बघितलं. "वयनी ना? या, बसा. त्या फळीवर बसा, चिखल लागणार नाय. साहेब, तुमी पण या."

सेक्रेटरी बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी विचारलं, "तुमची आणि आमच्या पाळकांची ओळख कशी?"

"इथंच झाली. आमचे वयनींला म्हायती नाय?" तो माणूस ह्यांच्याकडे वळला. "घरात सांगितला नाय तू?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मग तोच सांगू लागला. ठाण्याच्या हॉस्पिटलात मंडळीतल्या कुणाला तरी भेटून हे परतत होते, पण घरी न जाता इथे खाडीवर येऊन नुसते उभे होते. "मना वाटला, जीव द्यायला आला," तो म्हणाला. "म्हणून मी हाक मारली. म्हटला, पाग टाकता येतो का? तर हा म्हणतो, आमचे येशूचे पयले शिष्य कोळी होते, पण मना येत नाय. तवापासून शिकतोय. अजून आला नाय."

सेक्रेटरींचं समाधान झालं नव्हतं. "तुमच्या पुतण्याचा बिल्डिंगचा व्यवसाय आहे म्हणे."

त्या माणसाने सरळ उत्तर दिलं. "हाय. पुतण्याने मना सांगितला होता, तुजा तो पास्टर कल्याणचा ना, जागेचा जरा इचार. मी इचारला पण. एकदाच."

सेक्रेटरी एक पाऊल पुढे आले.

"मग?"

"हा बोलला, सोमवारी मी कामाचा बोलत नाय. आणि बाकीचे वारी मंडळीला इचार, जागा माजी नाय." त्याने पागाची दोरी गोळा केली. "मना पण बरा वाटला. माजे घरी सकाळपासून जमीन, जमीन, वकील, भाऊबंद. इथं तरी कोण बोलत नाय."

सेक्रेटरींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी नजर चुकवली नाही. त्यावरून मी ओळखलं की हे खरं आहे. सेक्रेटरींनी ओळखलं का, ते आजही मला सांगता यायचं नाही. ते एवढंच म्हणाले, "हे कमिटीला सांगितलं असतंत तर?"

"काय सांगू?" हे म्हणाले. "की तुमचा पाळक सोमवारी चड्डी घालून चिखलात खेळतो?"

तेवढ्यात फळीजवळच्या टोपलीत काहीतरी खडबडलं. मी वाकून पाहिलं. चिंबोऱ्या. चांगल्या मोठ्या, नांग्या सुंभाने बांधलेल्या.

"दर सोमवारी मिळतात?" मी विचारलं.

"मिळतात ना वयनी. पास्टर कवा नेत नाय. म्हणतो, तुमचे घरी खावा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. चिंबोऱ्यांसाठी मी काय करू शकते हे ह्या माणसाला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

परत येताना मी सेक्रेटरींच्या गाडीत बसले नाही. स्कूटरवर मागे बसले. पुलावर हे म्हणाले, "तुला काय वाटलं होतं?"

"सगळं वाटून झालं," मी म्हटलं. "मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. तू सकाळी उठून डबा करून शाळेत जातेस, आणि मी..."

"म्हणजे माझं तुम्हाला कळत होतं."

त्यांनी स्कूटरचा वेग कमी केला.

"तुम्हाला सोमवार आहे," मी म्हटलं. "मला कुठला वार?"

त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. एका गोदामासमोर, ट्रकांच्या धुळीत आम्ही उभे राहिलो. मी रडत नव्हते. मला राग आला होता, आणि तो बाई नव्हती, सौदा नव्हता म्हणून कमी होत नव्हता, उलट वाढत होता. दुसरं काही असतं तर मला निदान कुणावर तरी बोट ठेवता आलं असतं. इथे तर हे फक्त विसावले होते, एकटे. आणि मी तो विसावा संशयाने हुंगत बसले होते, कारण विसावलेला माणूस घरात कसा दिसतो हे मला माहीतच नव्हतं.

"शनिवार दुपार," ते शेवटी म्हणाले. "संडे स्कूलची तयारी मी करीन."

"तुम्हाला चित्रं कापता येतात?"

"पाग तरी कुठे येतो."

पुढच्या रविवारी ह्यांनी उपासनेनंतर उभं राहून सांगितलं. कुणी अखेरच्या घटकेला असेल, कुणी गेलं असेल, तर सोमवारीही मला बोलवा. बाकी सगळं मंगळवारपर्यंत थांबू शकतं. मी खाडीवर मासे पकडत असतो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काही हसले. ती म्हातारी बाई हसली नाही. सेक्रेटरींनी पुढच्या कमिटीत आवाराचे सगळे कागद काढून पुन्हा एकदा तपासले, आणि कागदांच्या कपाटाची चावी स्वतःकडे ठेवली. हे म्हणाले, ठेवू द्या, तेवढीच त्यांना झोप लागेल.

माझा शनिवार सोपा नव्हता. पहिल्या शनिवारी मी दुपारभर घरात बसून राहिले. मला काय आवडतं तेच आठवेना. पडले तर झोप येईना, उठले तर हात भांड्यांकडे जायचे. रिकाम्या वेळात कुणीतरी मला बघतंय आणि लिहून ठेवतंय असं वाटायचं. दुसऱ्या शनिवारी शाळेतल्या एका शिक्षिकेने ओढून नेलं. डोंबिवलीत एका सोसायटीच्या मागच्या मैदानावर काही बायका थ्रोबॉल खेळतात. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, सलवार-कमीजवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या. मी शाळेत असताना खेळायचे. हात विसरले नव्हते, गुडघे विसरले होते. पहिला बॉल माझ्या हातातून निसटून थेट नाकावर आला. सगळ्या जणी हसल्या, मग मीही.

तरी प्रत्येक हसण्यानंतर मी कुंपणाकडे बघायचे, कोण बघतंय का. आणि एका शनिवारी खरंच कुणीतरी होतं. आमच्याच मंडळीतली एक बाई, हातात भाजीची पिशवी, जाळीच्या कुंपणाला नाक लावून. मी खेळ थांबवला नाही. सर्व्हिस माझी होती.

मध्ये पाणी प्यायला आले तेव्हा तिने विचारलं, "पाळकीणबाई, हा कुठला कार्यक्रम?"

"कुठलाच नाही."

"म्हणजे महिला मंडळाचा नाही?"

"नाही हो. खेळतोय."

"पण कशासाठी?"

मी घाम पुसला आणि पुन्हा आत गेले. ती बाई मात्र हलली नाही. पिशवी खाली ठेवून, डोळे बारीक करून, खेळ संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. बहुतेक तिला खात्री होती की निदान शेवटी तरी प्रार्थना होणार.